नऊ वर्षांच्या मुलीला रोटेनबुर्ग दाखवताना

पुण्याहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत पती, नऊ वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई यांच्यासह त्या जर्मनीत येत आहेत. सहल कंपनीच्या कार्यक्रमात फ्रँकफुर्टहून म्युनिकला जाताना रोटेनबुर्ग ओब डेअर टाउबर या जुन्या तटबंदीच्या गावात दुपारी तीन तासांचा थांबा आहे. तेवढा वेळ पुरेल की गटापासून वेगळे होऊन तिथे मुक्काम करावा, जुन्या इमारती पाहून मुलीला कंटाळा येईल का, आजींना काय झेपेल, मांस आणि अंडे न खाणाऱ्या माणसांनी जेवावे काय, आणि तिथले मध्ययुगीन शिक्षांचे संग्रहालय मुलीला दाखवावे की नाही, असे त्यांचे प्रश्न आहेत.

मी बरीच वर्षे न्यूर्नबर्गच्या परिसरात राहते आणि भारतातून येणाऱ्या, विशेषतः मराठी कुटुंबांना बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागातल्या, म्हणजे फ्रँकोनियातल्या, गावे दाखवण्याचे काम करते. त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे. सोबत लहान मूल असेल तर रोटेनबुर्गला किमान एक रात्र राहावे, आणि मुलाला सर्वांत आधी तटावर न्यावे. बाकीच्या गोष्टी, म्हणजे चौक, दुकाने, चर्च, संग्रहालय, या त्यानंतरच्या. हे गाव मुलांना आवडते ते मुख्यतः त्याच्या आकारामुळे. पॅरिस किंवा म्युनिक कितीही सुंदर असले तरी नऊ वर्षांच्या मुलाच्या मनात ते शहर म्हणून मावत नाही. तिथे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी त्याला नेले जाते, एवढेच त्याला कळते. रोटेनबुर्गचे जुने गाव मात्र एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत वीस मिनिटांत चालून होते, त्याला सर्व बाजूंनी तट आहे, दरवाजे आहेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूल स्वतः पुढे होऊन आपल्याला रस्ता दाखवू लागते. माझ्या दृष्टीने या भेटीचे सर्वांत मोठे फळ हेच, आणि ते तीन तासांत हाती लागत नाही.

तीन तासांच्या थांब्याची अडचण अशी की तो बहुधा सर्वांत गर्दीच्या वेळी येतो. सकाळी साडेदहाच्या सुमारास बसगाड्या येऊ लागतात आणि दुपारी चार-साडेचारपर्यंत बाजारचौक आणि त्याला लागून असलेल्या दोन-तीन गल्ल्या माणसांनी भरून जातात. त्या वेळी मोठ्या माणसाला निदान घरांचे उतरते छप्पर आणि लाकडी चौकटींच्या भिंती दिसतात. सव्वाचार फूट उंचीच्या मुलीला फक्त पुढच्या माणसांच्या पाठी दिसतात. पाच वाजल्यानंतर बसगाड्या निघून जातात. मे महिन्यात तिथे सूर्यास्त रात्री नऊच्या आसपास होतो, त्यामुळे मुक्कामाला राहिलेल्यांना चार तासांचा लख्ख उजेड आणि जवळजवळ मोकळे गाव मिळते. सकाळी सात ते नऊ हा काळही तसाच. म्हणजे एका मुक्कामात जे सहा तास मिळतात, ते दिवसभराच्या सहलीत कितीही पैसे मोजले तरी मिळत नाहीत.

गावाचा इतिहास मुलीला निघण्यापूर्वी थोडा सांगून ठेवावा, तिथे उभे राहून लांबलचक सांगू नये. १२७४ मध्ये राजा रुडॉल्फ याच्याकडून रोटेनबुर्गला स्वायत्त शाही नगराचा दर्जा मिळाला, म्हणजे ते कोणत्याही सरदाराच्या ताब्यात नव्हते, थेट सम्राटाच्या अखत्यारीत होते. इसवी सन १४०० च्या सुमारास ते जर्मन प्रदेशातल्या भरभराटीच्या नगरांपैकी एक होते. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात ते लुटले गेले, व्यापार बसला, आणि त्यानंतर दोन शतके गावाकडे नवे बांधण्याइतका पैसाच उरला नाही. जुनी घरे पाडून नवी बांधण्याची ऐपत नसल्यामुळे जुनी घरे टिकली. १८०२-०३ मध्ये गाव बव्हेरियात गेले आणि एकोणिसाव्या शतकात चित्रकारांना आणि प्रवाशांना त्याचा शोध लागला. गरिबीमुळे एखादी गोष्ट सुंदर राहू शकते, हे मुलांना सांगितले की त्यांना फार नवल वाटते आणि ते त्यांच्या लक्षात राहते.

पोहोचण्याबद्दल थोडे. फ्रँकफुर्टहून व्युर्झबुर्गपर्यंत वेगवान रेल्वे, तिथून प्रादेशिक गाडीने श्टाइनाख, आणि श्टाइनाखहून छोट्या गाडीने पंधरा मिनिटांत रोटेनबुर्ग, असा साधारण तीन तासांचा प्रवास आहे. न्यूर्नबर्गहून यायचे असेल तर आन्सबाखमार्गे येता येते आणि बव्हेरियाचे एक दिवसाचे प्रादेशिक तिकीट स्वस्त पडते. मात्र सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालते. सहा ते चौदा वर्षांची मुले आईवडिलांसोबत विनाशुल्क प्रवास करू शकतात, फक्त लांब पल्ल्याच्या गाडीचे तिकीट काढतानाच मुलाची नोंद तिकिटावर करून घ्यावी. स्टेशनपासून पूर्वेकडच्या र्‍योडर दरवाज्यापर्यंत चालत दहा मिनिटे लागतात. गावात रस्ते दगडी गोट्यांचे आहेत. चाकांच्या मोठ्या बॅगा त्यावरून ओढणे त्रासाचे आणि आजींना त्यावर चालणे जपूनच करावे लागेल, तेव्हा जाड तळाचे बूट घालावेत आणि काठी असेल तर सोबत ठेवावी. जुन्या घरांत चालवल्या जाणाऱ्या बहुतेक निवासांना लिफ्ट नसते. खोली ठरवताना तळमजल्यावरची किंवा पहिल्या मजल्यावरची लेखी मागून घ्यावी. राहण्याची जागा तटाच्या आतच घ्यावी, थोडी महाग पडली तरी चालेल, कारण सकाळ-संध्याकाळचे ते मोकळे तास उंबरठ्यापासूनच सुरू व्हायला हवेत.

आता तटाविषयी. सामान ठेवले, काही खाल्ले, की मुलीला घेऊन र्‍योडर दरवाज्यापाशी तटावर चढावे. तटाच्या आतल्या अंगाला लाकडी छपराखालून चालण्याची जी वाट आहे, तिला आपल्याकडच्या गडांच्या भाषेत फांजी म्हणता येईल. ती सुमारे अडीच किलोमीटर चालता येते, प्रवेशशुल्क नाही आणि ती कुलूपबंद नसते. एका हाताला दगडी भिंत आणि तिच्यातल्या जंग्या, म्हणजे मारा करण्याची छिद्रे, दुसऱ्या हाताला लाकडी कठडा आणि त्यापलीकडे लोकांच्या परसबागा, वाळत घातलेले कपडे, खिडकीत बसलेली मांजरे. वाट इतकी अरुंद की समोरून कोणी आले तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, आणि छपराच्या तुळया काही ठिकाणी इतक्या खाली आहेत की वडिलांना वाकावे लागते पण मुलीला लागत नाही. सिंहगड किंवा राजगड पाहिलेल्या मुलांना जंगी म्हणजे काय आणि ती बाहेरून अरुंद व आतून रुंद का असते, हे आधीच माहीत असते. ती मुले इथे येऊन बाकीच्यांना समजावून सांगतात, आणि तो आनंद त्यांना मनसोक्त घेऊ द्यावा.

उत्तरेकडे क्लिंगन दरवाज्यापर्यंतचा तुकडा पहिल्या दिवसासाठी पुरेसा आहे. चढायचे जिने उभे आहेत, त्यामुळे आजींनी वर येऊ नये. पण बहुतेक ठिकाणी तटाच्या आतून गल्ली जाते, आणि आजी खालून चालत असताना नात वरून हाका मारत चालली आहे, असे सहज जमते. उतरण्याचे जिने मध्येमध्ये आहेत. सांजवेळी छपराखाली लवकर अंधारते आणि पावसात लाकूड निसरडे होते, एवढे भान ठेवावे.

या पूर्वेकडच्या तटावर एक गोष्ट मुलीला थांबवून दाखवावी. भिंतीत ठिकठिकाणी दगडी पाट्या बसवलेल्या आहेत आणि त्यांवर व्यक्तींची, कुटुंबांची, संस्थांची नावे, गावे आणि काही मीटरचे आकडे कोरलेले आहेत. त्यात जर्मन नावांबरोबर अमेरिकन नावे आहेत, जपानी नावे तर पुष्कळ आहेत. ही माणसे कोण, हे मूल विचारतेच, आणि तिथे १९४५ ची गोष्ट सांगावी लागते. ३१ मार्च १९४५ रोजी, युद्ध संपायला जेमतेम पाच आठवडे राहिले असताना, अमेरिकी विमानांनी या गावावर बाँब टाकले. सुमारे चाळीस माणसे मरण पावली, तीनशेहून अधिक घरे जळाली आणि तटाचा काहीशे मीटर भाग कोसळला. जुन्या गावाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग, मुख्यतः हा पूर्वेकडचा, नष्ट झाला. पुढे एप्रिलमध्ये अमेरिकी सैन्य गावाच्या वेशीशी आले, तेव्हा अमेरिकेच्या युद्धखात्यातले एक मोठे अधिकारी जॉन मॅक्लॉय यांनी तोफखाना न वापरण्याचा आग्रह धरला. त्यांची आई तरुणपणी हे गाव पाहून गेली होती आणि त्याचे चित्र त्यांच्या घरात होते. जर्मन बाजूच्या स्थानिक अधिकाऱ्यानेही शेवटपर्यंत लढण्याचा वरून आलेला हुकूम मोडला, आणि उरलेले गाव वाचले. नंतर जगभरातल्या लोकांनी मीटरप्रमाणे पैसे देऊन तट पुन्हा उभा केला, त्यांची नावे या पाट्यांवर आहेत.

हे ऐकल्यावर मुले हमखास विचारतात की मग हे गाव खरे आहे की खोटे. पालक अनेकदा उत्तर देताना अडखळतात, म्हणून मी काय सांगते ते लिहिते. पश्चिमेकडचा भाग, बाजारचौकातला नगरपालिकेचा वाडा बराचसा, मोठे चर्च, प्लोनलाइनचा तिठा, हे जुने आहे. पूर्वेकडची घरे १९५० च्या दशकात, जुन्या घरांची रुंदी, छपराचा उतार आणि गल्लीची वळणे सांभाळून नव्याने बांधलेली आहेत. दोन्हींतला फरक बघायचा असेल तर भिंतींकडे बघावे. नव्या घरांच्या भिंती साध्या आणि सरळ आहेत, जुन्यांच्या थोड्या वाकलेल्या, खिडक्या एका रांगेत नसलेल्या. मुलीला हा शोधाचा खेळ म्हणून द्यावा. पुष्कळ प्रौढ प्रवासी सगळेच मध्ययुगीन समजून परत जातात, आणि तुमची मुलगी मात्र घर पाहून त्याचे वय ओळखायला शिकून जाईल. र्‍योडर दरवाज्याच्या बुरुजावर चढता येते आणि तिथे बाँबहल्ल्याची छायाचित्रे लावलेली आहेत. तो बुरूज ठरावीक काळातच उघडा असतो, उघडा दिसला तर जरूर चढावे.

बाजारचौकात मुलांसाठी घड्याळाचा खेळ आहे. नगरसभेच्या जुन्या मद्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर घड्याळाच्या दोन बाजूंना दोन खिडक्या आहेत, त्या सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत दर तासाला उघडतात. एकीत कॅथलिक फौजेचा सेनापती टिली दिसतो, दुसरीत माजी महापौर नुश हातात मोठा पेला घेऊन. गोष्ट अशी की ऑक्टोबर १६३१ मध्ये टिलीने हे प्रोटेस्टंट गाव जिंकले आणि नगरसभेच्या लोकांना मृत्युदंड फर्मावला. त्याच्यापुढे सव्वातीन लिटर वाइनचा पेला आणला गेला, तेव्हा तो म्हणाला की कोणी हा एका दमात रिकामा केला तर गाव वाचेल, आणि नुशने तो केला. गाव जिंकले गेले हे इतिहासात आहे. पेल्याचा प्रसंग ही लोककथा आहे, आणि १८८१ पासून तिचे नाटक गावकरी स्वतः करतात. मुलीला दोन्ही गोष्टी सांगाव्यात. एक सूचना मात्र आवश्यक आहे: बाहुल्या हळूहळू आणि अगदी थोड्याच हलतात. फार मोठी अपेक्षा बांधून मुलाला अर्धा तास गर्दीत उभे करू नये. सकाळी दहाला किंवा रात्री आठ-नऊला पाहावे.

त्याच चौकातल्या नगरपालिकेच्या बुरुजावर जायला २२० पायऱ्या आहेत. शेवटचा टप्पा शिडीसारखा अरुंद आहे आणि वरचा सज्जा इतका चिंचोळा की मोजकीच माणसे मावतात, त्यामुळे जिन्यात थांबावे लागते. नऊ वर्षांच्या मुलीला ते जमते आणि वरून सगळा तट नकाशासारखा दिसतो. आदल्या दिवशी आपण कुठून कुठपर्यंत चाललो हे ती बोटाने दाखवते. म्हणूनच बुरूज दुसऱ्या दिवशी, तट आधी. आजींनी खाली चौकातल्या बाकावर बसावे.

सेंट याकोब चर्च १३११ पासून पावणेदोनशे वर्षे बांधले जात होते, आणि त्याच्या पश्चिम टोकाखालून चक्क गावातली एक गल्ली जाते. मुलांना आधी त्या गल्लीतून न्यावे आणि मग वर. बरोबर त्या गल्लीच्या डोक्यावर, जिना चढून गेल्यावर, टिलमान रीमेनश्नायडर या शिल्पकाराने सोळाव्या शतकाच्या पहिल्या पाच वर्षांत लिंडनच्या लाकडात कोरलेली वेदी आहे. येशूच्या शेवटच्या भोजनाचा प्रसंग आहे. त्या काळी अशा वेद्या रंगवत आणि सोन्याने मढवत. ही लाकडाच्या रंगातच ठेवलेली आहे, आणि मागच्या खिडक्यांमधून आलेला उजेड दिवसभर तिच्यावर बदलत राहतो. मुलीला एकच काम द्यावे: पैशाची थैली हातात असलेला माणूस शोध. तो जुडास, पैशासाठी येशूला पकडून देणारा शिष्य, आणि शिल्पकाराने त्याला कडेला न ठेवता मधोमध, सर्वांच्या नजरेसमोर उभे केले आहे. बाकीच्यांचे हात पाहा, कपाळावरच्या शिरा पाहा, कोण कोणाकडे बघतो आहे ते पाहा. चर्चमधल्या बाकी गोष्टी सोडल्या तरी चालेल. या एका लाकडी वेदीसमोर मुलाला पंधरा मिनिटे बसवता आले, तर फ्रँकोनियातली सर्वांत मोलाची कलाकृती त्याने खऱ्या अर्थाने पाहिली असे मी म्हणेन. चर्चला थोडे प्रवेशशुल्क आहे.

शिक्षांच्या संग्रहालयाबद्दल माझे उत्तर सशर्त होकाराचे आहे. ते कायद्याच्या इतिहासाचे गंभीर संग्रहालय आहे, भयघर नव्हे. चहाड्या करणाऱ्याला, उद्धटपणा करणाऱ्याला घालून चौकात उभे करण्याचे लांब कानांचे, लांब जिभांचे लोखंडी मुखवटे, आणि वजनात मारणाऱ्या पाववाल्याला बसवून पाण्यात बुडवण्याचा पिंजरा या वस्तू मुलांना समजतात. लोकांसमोर लाज वाटायला लावणे ही शिक्षा होती का, यावर मुले आपणहून बोलू लागतात. शारीरिक छळाची साधने असलेला भाग मात्र या वयात टाळावा. आधी एकाने आत जाऊन पाहून यावे आणि मग मुलीला निवडक दालने दाखवावीत. रात्री अनोळखी जागी झोपायचे असते, तेव्हा हे संग्रहालय सकाळी पाहावे, संध्याकाळी कधीही पाहू नये.

पश्चिमेकडे हेर्न गल्लीच्या टोकाला बुर्ग दरवाजा आहे. त्याच्या मोठ्या लाकडी दारात एक अगदी लहान दिंडी दरवाजा आहे. रात्री दरवाजे बंद झाल्यावर उशिरा आलेल्या माणसाला त्यातून एकेकट्याने, वाकून, आत घेतले जाई, म्हणजे शत्रूला एकदम घुसता येऊ नये. वर भिंतीत दगडी मुखवटा आहे, त्याच्या तोंडातून हल्लेखोरांवर उकळते डांबर ओतत. या दोन गोष्टींपाशी मुले हलायला तयार नसतात. दरवाज्यापलीकडे बागेत आजींना बसायला सावली आणि बाके आहेत, आणि खाली टाउबर नदीचे खोरे दिसते. इथे पूर्वी होहेनश्टाउफेन या राजघराण्याचा गड होता, तो १३५६ च्या भूकंपात पडला. एक प्रार्थनागृह तेवढे उरले आहे.

त्या प्रार्थनागृहापाशी १२९८ मध्ये इथे मारल्या गेलेल्या ज्यू लोकांचे स्मारक आहे. मध्ययुगात रोटेनबुर्गला मोठी ज्यू वस्ती होती, आणि तेराव्या शतकातले थोर धर्मपंडित रब्बी मेयर यांच्याकडे दूरदूरचे विद्यार्थी इथे शिकायला येत. १५१९-२० मध्ये त्या समाजाला गावातून काढले गेले. एकोणिसाव्या शतकात काही कुटुंबे परत आली, आणि ऑक्टोबर १९३८ मध्ये उरलेल्यांनाही हाकलण्यात आले. नाझींना हे गाव फार आवडत असे. खऱ्या जर्मनीचा नमुना म्हणून ते लोकांना सहलीने इथे आणत. नऊ वर्षांच्या मुलीला यातले सगळे सांगण्याची गरज नाही, पण या सुंदर गावाने आपल्याच शेजाऱ्यांना घराबाहेर काढले होते, एवढे एक वाक्य सांगावे असे मला मनापासून वाटते. सहलीच्या मार्गदर्शनात ते बहुधा गाळले जाते. मुलांना ते पेलते. नेमका प्रश्न विचारून ती पुढे जातात.

मुलगी दमली नसेल आणि वडील सोबत असतील, तर बागेजवळून उतरणाऱ्या पायवाटेने नदीवरच्या दुमजली कमानींच्या पुलापर्यंत जावे. तिथून थोड्या अंतरावर टोप्लर या महापौराने १३८८ मध्ये बांधलेले बुटके घर आहे, खाली दगडी अरुंद बुरूज आणि वर त्याच्याहून रुंद घर, असे. मुलांना ते चित्र काढण्यासाठीच बांधल्यासारखे वाटते. परतीचा चढ दमवणारा आहे, पाणी बरोबर हवे. आजींसाठी हा भाग नाही.

नाताळच्या वस्तूंचे वर्षभर चालणारे मोठे दुकान मुलीला दाखवावेच लागेल, त्याला इलाज नाही. वेळ ठरवून आत जावे, एक छोटी लाकडी वस्तू तिला स्वतःला निवडू द्यावी आणि बाहेर यावे.

खाण्याचा प्रश्न आजींच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दुकानांच्या खिडकीत श्नेबाल नावाचे मुठीपेक्षा मोठे गोळे मांडलेले दिसतील. पिठाच्या लाटीला कातून त्याच्या पट्ट्या करतात, त्या काठीवर उचलून सैलसर गोळा करतात, गोल लोखंडी चिमट्यात धरून तळतात आणि वर पिठीसाखर भुरभुरतात. त्यात अंडे असते आणि पारंपरिक कृतीत थोडी आलुबुखाराची दारूही पडते. आजींना तो देऊ नये. मुलीला द्यायचा असेल तर विचारून, आणि चॉकलेटच्या आवरणाचा न घेता साधा साखरेचा घ्यावा, कारण खरी चव त्यातच आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार अंडे हे जाहीर करावयाच्या चौदा पदार्थांत येते, त्यामुळे कोणत्याही उपाहारगृहात त्यांची यादी मागता येते आणि ती द्यावीच लागते. मांसासाठी तशी सक्ती नाही, ते तोंडी विचारावे लागते: बटाट्याच्या सूपमध्ये आणि परतलेल्या बटाट्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे सर्रास असतात, चीज घातलेल्या श्पेट्झले नावाच्या जाड शेवयांमध्ये अंडे असते, मुलांच्या गोळ्यांत प्राण्यांपासून केलेले जिलेटिन असते. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने आय’, म्हणजे मांस, डुकराचे मांस आणि अंडे नको, असे कागदावर जर्मनमध्ये लिहून ठेवले की काम सोपे होते. मे महिना हा पांढऱ्या शतावरीचा हंगाम आहे आणि फ्रँकोनियातली शतावरी नावाजलेली आहे. उकडलेले बटाटे आणि वितळलेले लोणी यांच्यासोबत ती मागवावी, नेहमीचे हॉलंडेझ सॉस नको म्हणावे, कारण त्यात अंडे असते. आजींना पोटभर, गरम आणि निर्धास्त जेवण याहून चांगले तिथे मिळणार नाही. पाणी विकत घ्यावे लागते. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, तेव्हा दही, फळे, पाव शनिवारीच आणून ठेवावे. थोडी रोख रक्कम आणि सुटी नाणी जवळ असू द्यावीत.

रात्री आठ वाजता बाजारचौकातून रात्रीच्या पहारेकऱ्याची इंग्रजीतली फेरी निघते. काळा झगा, हातात कंदील आणि भाला, असा तो येतो आणि तासभर गल्ल्यांमधून हिंडत गोष्टी सांगतो. पैसे फेरीच्या शेवटी रोख द्यायचे असतात. मार्चच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत हा कार्यक्रम चालतो. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलीला त्याचे इंग्रजी बहुतांश समजेल. मराठी माध्यमातली असेल तर आईने हळूच सांगत राहावे. मे महिन्यात फेरी सुरू होताना उजेड असतो आणि संपताना अंधारत असते, आणि मुलांना हा बदल फार भावतो. दुपारी तिला तासभर झोपवावे, म्हणजे फेरीत ती पेंगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला प्लोनलाइनच्या तिठ्यावर जावे. पिवळसर लाकडी चौकटीचे अरुंद घर, त्याच्या एका बाजूने वर जाणारी आणि दुसऱ्या बाजूने उतरणारी अशा दोन वाटा, आणि दोन्हींच्या टोकाला एकेक बुरूज. दिवसभर इथे छायाचित्रांसाठी रांग असते. सकाळी पाववाल्याच्या गाडीशिवाय कोणी नसते. तिथून वरच्या वाटेने पुढे दक्षिणेच्या टोकाला इस्पितळाचा बुरूज आहे, इंग्रजी आठच्या आकाराचा, आत काळोख्या वाटा आणि जुन्या तोफा. दारावर लॅटिनमध्ये आत येणाऱ्यांना शांती आणि बाहेर जाणाऱ्यांना सुख लाभो असे कोरलेले आहे. हा भाग सपाट रस्त्याने गाठता येतो, त्यामुळे आजींनाही तो पाहता येईल.

तारखा ठरवताना एक गोष्ट तपासावी. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला, म्हणजे वर्षानुसार मे किंवा जूनमध्ये, गावात त्या पेल्याच्या कथेचा मोठा उत्सव असतो. शेकडो गावकरी जुन्या वेशात फिरतात, तटाबाहेर छावण्या पडतात. मुलांना तो अतिशय आवडतो, पण खोल्या बऱ्याच आधी भरतात, दर चढतात आणि गर्दीत आजींची ओढाताण होते. तुमच्यासोबत त्या आहेत म्हणून मी त्याच्या आधीचा आठवडा सुचवेन, आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळून.

सहल कंपनी गट सोडण्यास परवानगी देईलच असे नाही, आणि ते जमले नाही तर तीन तासही वाया घालवू नयेत. बसमधून उतरल्यावर गट बाजारचौकाकडे निघेल, तेव्हा त्यांच्या मागे न जाता वाहनतळापासून सर्वांत जवळच्या जिन्याने वडिलांनी मुलीला घेऊन तटावर चढावे, तासभर वरून चालावे आणि बुर्ग दरवाज्याच्या बागेत येऊन थांबावे. आईने आजींना घेऊन सावकाश हेर्न गल्लीने त्याच बागेत यावे. डबा तिथेच खाऊन मग चर्चमधली वेदी पाहावी आणि उरलेला वेळ मुलगी जे मागेल त्यासाठी ठेवावा. नगरपालिकेचा बुरूज, संग्रहालय आणि खरेदी या तिन्ही गोष्टी त्या दिवशी सोडून द्याव्यात. आजींच्या चालीने चौकापासून वाहनतळापर्यंत पंचवीस मिनिटे धरावीत, आणि बसची जागा व वाहनतळाचा क्रमांक उतरतानाच मुलीला एका कागदावर लिहून घ्यायला सांगावे, कारण तटाबाहेर पी १ ते पी ५ असे पाच वाहनतळ आहेत आणि घाईत ते सहज चुकतात.